धुळ्याच्या थंडीत पाणी ३२ अंशांवर: घरच्या पूलसाठी हीटरची क्षमता कशी ठरवली

घरच्या छोट्या पूलला किती क्षमतेचा हीटर लागेल, हे मी २०२४ च्या ऑक्टोबरात ज्याला त्याला विचारत होते. प्रत्येकाचा उलटप्रश्न एकच: "पाणी किती लिटर?" त्या लिटरवरून जो तो आकडा सांगायचा आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा निघायचा. आता एक पूर्ण हिवाळा काढल्यावर सांगते, लिटर नंतर विचारायचे. आधी विचारायचं ते पाण्याचा पृष्ठभाग किती आहे आणि रात्रीतून त्यातून किती उष्णता उडून जाते ते. दुकानदार हे विचारत नाहीत, आपणच मोजावं लागतं. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आम्ही धुळ्याजवळ, साक्री रस्त्याला राहतो. सासूबाईंचे, म्हणजे आईंचे, दोन्ही गुडघे झिजलेले. शस्त्रक्रियेला त्या तयार नाहीत. फिजिओथेरपिस्टनी पाण्यात उभं राहून करायचे व्यायाम सांगितले, कारण पाण्यात शरीराचा भार हलका होतो आणि गुडघे न दुखता हलवता येतात. पाणी मात्र ३२ अंशांच्या आसपास हवं, गार पाण्यात स्नायू उलट आखडतात. असा पूल जवळपास नव्हता, तेव्हा घरामागच्या बिनशेती जागेत आम्ही मे २०२४ मध्ये एक लहानसा बांधून घेतला: २० फूट लांब, १० फूट रुंद, एका टोकाला साडेतीन आणि दुसऱ्या टोकाला साडेचार फूट खोल. दोन्ही बाजूंना कठडा आणि उतरायला रुंद, बुटक्या पायऱ्या. आई त्याला हौदच म्हणतात.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात हीटरचा प्रश्नच आला नाही. आईंचा व्यायाम नेमाने चालू होता. जुलैनंतर त्या जिना धरून का होईना, पण एकट्या चढू लागल्या होत्या. दसऱ्यानंतर पाणी उतरायला लागलं. खानदेश म्हटलं की लोकांना ४५ अंशांचा मे महिना आठवतो, पण धुळ्याची थंडी बाहेरच्यांना ठाऊक नसते. डिसेंबर-जानेवारीत इथे पारा दहाच्या खाली जातो, एखाद्या वर्षी पाच-सहापर्यंतही. चार महिने व्यायाम बंद पडला तर कमावलेलं सगळं जाईल, ही धास्ती मला आईंपेक्षा जास्त होती.

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे हिशेब घरीच मांडला. तो अवघड नाही. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि ८६० किलोकॅलरी म्हणजे विजेचं एक युनिट. आमचा पूल सरासरी चार फूट खोल, म्हणजे ८०० घनफूट, म्हणजे साधारण २२,६५० लिटर. डिसेंबरात पाणी १९ अंशांपर्यंत उतरेल असं धरलं आणि ते ३२ वर न्यायचं, तर १३ अंशांसाठी सुमारे ३४२ युनिट उष्णता लागते. हा झाला लिटरचा हिशेब. पण हा खर्च हंगामात एकदाच होतो. रोजचा खर्च असतो तो रात्री जे गमावलं ते भरून काढण्याचा, आणि हीटरची क्षमता त्यावरच ठरते.

ते मोजायला दिवाळीच्या आधी दोन साध्या चाचण्या घेतल्या. पाणी तेव्हा संध्याकाळी २७ अंशांवर होतं, रात्री हवा १७-१८ पर्यंत उतरत होती. पहिल्या रात्री पूल उघडा ठेवला. थर्मामीटर दोरीला बांधून दीड फूट खाली सोडला, संध्याकाळी सहाला वाचला आणि सकाळी सातला पुन्हा वाचला. पाणी २४.५ वर आलेलं. अडीच अंश, म्हणजे एका रात्रीत ६६ युनिट उष्णता गेली. नंतर ओळखीच्या एका पूलवाल्याकडून बबल कव्हरचा, म्हणजे हवेचे फुगे असलेल्या प्लॅस्टिकच्या आच्छादनाचा, जुना तुकडा आणला, पूर्ण पृष्ठभाग झाकला आणि तसंच हवामान असलेल्या रात्री पुन्हा मोजलं. उतार एकच अंशाचा, म्हणजे २६ युनिट. पातेल्यावर झाकण ठेवावं तसं आहे हे. पूलची बरीचशी उष्णता बाष्पीभवनाने जाते आणि आपल्याकडचा हिवाळा कोरडा, वर वाराही. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. त्यांचा खरा वारा पावसाळ्यातला, पण हिवाळ्यातली कोरडी झुळूकसुद्धा उघडं पाणी झपाट्याने थंड करते.

हीटर घ्यायचा विचार असेल तर पैसे मोजण्याआधी ही चाचणी नक्की करा. थर्मामीटरशिवाय काही लागत नाही.

आता जानेवारीचा अंदाज. पाणी ३२ आणि रात्रीची हवा दहाच्या आसपास धरली तर फरक २२ अंशांचा होतो, चाचणीच्या रात्रीपेक्षा दुपटीहून जास्त. त्या प्रमाणात कव्हर घालूनही रात्री ६०-६५ युनिट जाणार. व्यायामाच्या वेळी दीड-एक तास पूल उघडा राहणार, त्याचे २० युनिट वेगळे. म्हणजे दिवसाला ८०-८५ युनिट. दिवसा उन्हाने मिळणारी भर मी मुद्दाम धरली नाही, ढगाळ दिवसासाठी ती राखीव ठेवली. हे ८०-८५ युनिट सात तासांत भरून काढायचे तर हीटरने ताशी १२ युनिट, म्हणजे १२ किलोवॅट उष्णता द्यायला हवी.

ताळा म्हणून अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं सूत्रही लावून पाहिलं: पृष्ठभाग चौरस फुटांत, गुणिले पाणी आणि सर्वात थंड महिन्याची सरासरी हवा यांतला फॅरनहाइट फरक, गुणिले १२. उत्तर बीटीयू (उष्णता मोजायचं इंग्रजी एकक) प्रतितास येतं. आमचे २०० चौरस फूट, पाणी ३२ आणि सरासरी हवा २० अंश सेल्सिअस, म्हणजे २१.६ फॅरनहाइट अंश फरक धरून ५१,८४० बीटीयू, म्हणजे सुमारे १५ किलोवॅट आले. हे सूत्र वारा मंद असलेल्या उघड्या पूलसाठी आहे. आम्ही झाकणार होतो, तेव्हा १२ चा आकडा मला पटला. बीटीयूचे किलोवॅट करायला ३,४१२ ने भागायचं. कोणी टनात सांगितलं तर एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट. आणि कोणी एचपीत सांगितलं तर ती कॉम्प्रेसरची ताकद आहे, पाण्याला मिळणारी उष्णता नव्हे. ती वेगळी विचारा आणि कोटेशनवर लिहून घ्या.

मग प्रश्न आला कशाने तापवायचं. गॅसचा विचार लवकर सुटला. १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरमधून हीटरचं नुकसान वजा जाता साधारण २०० युनिट उष्णता मिळते. आमच्या हिशेबात दर अडीच दिवसाला एक सिलिंडर. घरगुती सिलिंडर अशा कामाला वापरायचा नसतो, त्यामुळे तो विषयच नाही. साधा कॉइलचा इलेक्ट्रिक हीटर स्वस्त मिळतो, पण रोजचे ८०-८५ युनिट सरळ मीटरवर पडतात. सोलरचं ह्यांच्या फार मनात होतं. न्हाणीघरावरचा २०० लिटरचा सोलर पाणी ४० अंशांनी तापवतो असं धरलं तरी त्यातून दिवसाला नऊ-साडेनऊ युनिट मिळतात, म्हणजे तसे नऊ लागले असते. पूलसाठी वेगळ्या काळ्या, बिनकाचेच्या चटया मिळतात. त्या पूलच्या पृष्ठभागाच्या निम्म्यापासून पूर्ण क्षेत्राएवढ्या लागतात. ज्यांच्याकडे दक्षिणेकडे मोकळं छत आहे त्यांनी तो पर्याय आधी पाहावा. आमच्या छतावर ती जागा तीन किलोवॅटच्या सौर पॅनेलने व्यापली आहे. ती पीएम सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपये अनुदान घेऊन आधीच बसवली होती.

राहिला हीट पंप. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून पाण्यात सोडतो. एक युनिट वीज घेऊन चार-पाच युनिट उष्णता देतो. पण हवा जितकी गार तितका त्याचा जोर कमी, आणि सगळ्यात जास्त जपायची गोष्ट इथेच आहे. माहितीपत्रकावर ठळक छापलेला आकडा हवा २७ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असतानाचा असतो. खाली बारीक अक्षरात १५ अंशांचा आकडा असतो. मी पाहिलेल्या यंत्रांत तो वरच्या आकड्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास होता. थंडीसाठी घेत असाल तर खालचाच आकडा बघायचा.

हाती तीन कोटेशन होती. एकाने लिटर विचारून ९ किलोवॅटचं सुचवलं. १५ अंशांना ते सहा किलोवॅट द्यायचं. दुसऱ्याचं २८ किलोवॅटचं, "मोठं घ्या मॅडम, एका दिवसात तापेल" म्हणून. त्याला थ्री फेज लागणार होतं, पाण्याचा पंपही मोठा, आणि बदल्यात हंगामात एकदाच एक-दोन दिवस वाचणार. तिसरं १७ किलोवॅटचं इन्व्हर्टर, म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारं यंत्र, १५ अंशांना १२ किलोवॅट, वीज सव्वातीन किलोवॅटपर्यंत, सिंगल फेजवर चालणारं, आत टायटॅनियमची कॉइल. आमच्या विहिरीचं पाणी जड आहे, शिवाय पूलमध्ये क्लोरिन असतं, त्यामुळे टायटॅनियमचा आग्रह मी सोडला नाही. जीएसटीसह २,३६,००० रुपये. एवढी रक्कम पाहून घरात दोन दिवस कोणी काही बोललं नाही. आईंनी तर "माले नको, मी तशीच ठीक शे" असं सांगून टाकलं. शेवटी ह्यांनी जूनमधला आणि ऑक्टोबरमधला आईंचा चालण्यातला फरक भावजींना फोनवर सांगितला. निम्मे पैसे भावजींनी पुण्याहून पाठवले आणि १८ नोव्हेंबरला निम्मी रक्कम आगाऊ भरून ऑर्डर दिली.

विजेचं काम मी त्याआधीच सुरू केलं होतं आणि तुम्हीही तसंच करा, कारण जास्त वेळ तिथेच जातो. आमचा मंजूर भार तीन किलोवॅट होता. हीटर, पूलचा पंप आणि घर मिळून तो सातवर न्यायचा होता. दिवाळीची सुट्टी संपल्यावर, ६ नोव्हेंबरला वाढीव भाराचा अर्ज ऑनलाइन भरला. जोडायला ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, आधार, शेवटचं वीजबिल आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल. उताऱ्यावर नाव सासऱ्यांचं आणि बिलावर ह्यांचं, त्यामुळे संमतीपत्र मागितलं. तुमच्याकडे असं असेल तर ते आधीच करून ठेवा. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं, बरेच कर्मचारी निवडणुकीच्या कामावर, त्यामुळे पाहणी त्यानंतरच झाली. सुरक्षा ठेव धरून ५,४०० रुपयांचं कोटेशन आलं, ते भरलं आणि २ डिसेंबरला नवा भार मंजूर झाला.

या काळात एक सल्ला बऱ्याच जणांनी दिला: शेतातल्या पंपाच्या जोडणीवरून तार ओढा, बिलच नको. तसं करू नका. ती वीज सिंचनासाठी सवलतीत दिलेली आहे, शिवाय तिथली थ्री फेज पाळीपाळीने आठ तास, कधी दिवसा कधी रात्री. ज्या हीटरवर वयस्कर माणसाच्या पाण्यात उतरण्याची भिस्त आहे, त्याची वीज आणि अर्थिंग बिनचूकच हवं. आम्ही वेगळी केबल, वेगळं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवला. सिमेंटच्या ओट्यासह १७,५०० रुपये लागले. वायरमनकडून दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी व्होल्टेजही मोजून घेतलं. दुपारी २३० च्या आसपास, संध्याकाळी सगळ्यांचे दिवे-मोटारी लागल्या की २०० च्या खाली. हीटर दिवसाच चालवायचा हे तेव्हाच नक्की झालं.

यंत्र ५ डिसेंबरला आलं आणि ९ तारखेला बसलं. बसवणाऱ्याला ते पंपाशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवायचं होतं. मी नको म्हटलं. हीट पंप गार हवा बाहेर फेकतो. बंद जागेत तीच गार हवा फिरून आत जाते आणि क्षमता घसरते. ओट्यावर, उघड्यावर, मागून दीड हात मोकळं आणि पुढून पूर्ण मोकळं असं बसवलं. पाइपजोडणीत तीन व्हॉल्व्हचा बायपास घातला, म्हणजे हीटर काढला तरी फिल्टर चालू राहतो. क्लोरिन सोडायची जागा हीटरच्या पुढे, म्हणजे पाणी हीटरमधून बाहेर पडल्यानंतर, घेतली, नाहीतर तीव्र क्लोरिन कॉइलमधून जातं. प्लंबिंगचे ९,८०० आणि नव्या बबल कव्हरचे १५,२०० रुपये. सगळं मिळून खर्च २,८३,९०० रुपये झाला.

१० डिसेंबरला सकाळी सुरू केलं तेव्हा पाणी बरोबर १९ अंश होतं. नेमकी त्याच आठवड्यात थंडीची लाट आली, धुळ्याचा पारा एक आकडी. पहिले तीन दिवस हीटर रात्रंदिवस चालवला. पहाटे बाहेरच्या कॉइलवर पांढरा थर धरायचा, मग यंत्र काही मिनिटं थांबून तो वितळवायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. याला घाबरू नका, ते त्याचं कामच आहे. खाली पाणी ठिबकतं तेही हवेतलं, गळती नव्हे. खात्री करायची असेल तर त्या पाण्याला क्लोरिन तपासायची पट्टी लावा. १३ तारखेला दुपारी पडद्यावर ३२ उमटलं आणि मी दोरीचा थर्मामीटर सोडून पुन्हा पाहिलं. दोन्ही सारखे.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, दुपारी साडेतीनला आई उतरल्या. पहिल्या पायरीवर थांबून त्यांनी आधी हात बुडवला, "ऊन शे" म्हणाल्या, आणि कठडा धरून सरळ छातीइतक्या पाण्यात गेल्या. व्यायामाची वेळ आम्ही दुपारची ठेवली, कारण सकाळी बाहेर येताना ओल्या अंगाला गारठा झोंबतो. पायरीपाशी टॉवेल आणि लोकरी शाल तयार असते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असल्याने डॉक्टरांनी पाणी ३३ च्या वर नेऊ नका आणि एका वेळी अर्ध्या तासाच्या वर नको, असं सांगितलं आहे. तुमच्या माणसाचं तापमान तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या, कारण एका अंशानेही बिल आणि क्षमता दोन्ही बदलतात.

नंतरचा नेम सोपा आहे. सकाळी अकराला हीटर सुरू, कव्हर तसंच. आपल्या थंडीचा हा मोठा फायदा आहे: पहाटे आठ अंश असले तरी दुपारी हवा २७-२८ वर जाते, म्हणजे हीट पंपाला लागते तशीच. हेच यंत्र रात्री चालवलं तर तेवढ्याच विजेत बरीच कमी उष्णता मिळते. कव्हरमधून ऊनही आत जातं, त्यामुळे जानेवारीत सात तासांऐवजी चार-पाच तासच लागले. हीटरला लावलेल्या वेगळ्या मीटरवर दिवसाला १३ ते १५ युनिट पडतात. सौर पॅनेल त्याच वेळी जवळपास १२ युनिट देतात. जानेवारीचं बिल चार हजारांच्या आत आलं. पॅनेल नसते तर वापर पाचशे युनिटच्या वर गेला असता आणि तिथला दर चांगलाच चढा आहे, हे हिशेबात धरा.

आमच्या भागात एक गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. डिसेंबर-जानेवारीत कापसाची वेचणी आणि वाहतूक चालू असते. त्याची बारीक रुई आणि रस्त्याची धूळ हीटरच्या मागच्या जाळीत अडकते. एकदा पाणी तापायला नेहमीपेक्षा तासभर जास्त लागला तेव्हा मागे जाऊन पाहिलं, तर ॲल्युमिनियमच्या पात्यांवर करडा, पातळ नमदा बसलेला. तेव्हापासून दर रविवारी हीटर बंद करून मऊ ब्रशने वरून खाली झाडते आणि बेताच्या धारेने धुते. प्रेशर पंप लावू नका, पाती वाकतात.

पाण्याबद्दलही लिहायला हवं. दुष्काळी भागात घरी पूल हे कोणालाही खटकेल आणि खटकावंही. आम्ही तो पावसाळ्यानंतर आमच्याच विहिरीवर भरतो, तेच पाणी वर्षभर फिल्टर करून वापरतो, आणि बॅकवॉशचं, म्हणजे फिल्टर उलट्या धारेने धुतल्याचं, पाणी दोन दिवस उघड्या टाकीत ठेवून क्लोरिन उडालं की आवारातल्या झाडांना देतो. कव्हर आल्यापासून वरून भरायला लागणारं पाणी निम्म्याहून कमी झालं आहे. गल्लीतल्या आणखी दोन आज्या आता आईंबरोबर उतरतात. कव्हरचा एक धोका मात्र ध्यानात ठेवा: ते माणसाचं वजन पेलत नाही, लहान मूल त्यावर पाय ठेवून खाली जाऊ शकतं. आमच्याकडे भोवती कुंपण आणि कुलूप आहे.

२४ फेब्रुवारीला हीटर बंद केला. उन्हाने आणि कव्हरने पाणी आपसूक ३० च्या वर राहू लागलं होतं. बंद करताना बायपास फिरवून हीटरमधलं पाणी खालच्या बुचातून पूर्ण काढलं, जड पाणी आत साचून राहिलं की क्षार धरतात. वर कापडी आच्छादन घातलं, प्लॅस्टिक नको, आत दमटपणा कोंडतो. एप्रिलमध्ये याच्या उलट काम असतं. पाणी ३४ कडे जायला लागतं, तेव्हा बबल कव्हर काढून हिरवी शेडनेट ताणायची आणि कव्हर गुंडाळून सावलीत ठेवायचं, उन्हात गुंडाळी तापून फुगे फुटतात.